सोडायचा की ठेवायचा?

मासा धरून पुन्हा पाण्यात सोडून देणाऱ्या लोकांबद्दल मला कायम आदर वाटत आला. आपण मारून खाणारे, ते सोडून देणारे. म्हणजे आपल्यापेक्षा एक पायरी वरचेच, नाही का? गेल्या मे महिन्यात हिर्डोशीला एक संध्याकाळ घालवली आणि या आदराची जरा पंचाईत झाली. ते सगळं कुठेतरी मांडून ठेवावं म्हणून हे लिहितोय.

बहिणीचा मुलगा सुट्टीला आला होता. वय वर्षं १७, जन्मापासून इंग्लंडात, डॉर्सेटमधल्या वेमथ गावी. त्यांच्या घराजवळ चेसिल नावाचा समुद्रकिनारा आहे. वाळू औषधालाही नाही, सगळे गोटेच गोटे. साधारण २९ किलोमीटर लांबीचा गोट्यांचा बांध म्हणा ना. गंमत अशी, की एका टोकाला हे गोटे वाटाण्याएवढे आणि दुसऱ्या टोकाला बटाट्याएवढे, मधे क्रमाक्रमाने वाढत गेलेले. पूर्वी रात्री चोरटा माल उतरवणारे लोक अंधारात नुसता गोटा चाचपून आपण कुठे लागलो ते ओळखायचे म्हणे. तर आमचे भाचेबुवा लहानपणापासून या गोट्यांवर उभे राहून संध्याकाळी समुद्रात गळ टाकतात. येताना विमानातून काठी घेऊन आला होता. चार तुकड्यांची, रीळवाली, चकचकीत. "मामा, इथे जवळ समुद्र कुठे आहे?"

जवळ समुद्र! पुण्यात! मी म्हटलं, समुद्र नाही पण गोटे दाखवतो. आणि त्याला हिर्डोशीला तात्यांकडे घेऊन गेलो.

हिर्डोशी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: भोरहून महाडकडे जाणारा रस्ता वरंध घाटाच्या दिशेने चढायला लागतो, तिथे उजवी-डावीकडे नीरा देवघर धरणाचं पाणी दिसत राहतं. त्या पाण्याच्या काठाकाठाने गेलं की हिर्डोशी. हिरडस मावळ म्हणतात तो हाच मुलूख, बाजीप्रभू देशपांड्यांचा. वर शिरगावला नीरेचा उगम. भाच्याने नकाशा पाहिला आणि त्याला आशा वाटली, कारण घाट उतरला की महाड आणि पुढे थोड्याच अंतरावर अरबी समुद्र. पण हे पाणी तिकडे जातच नाही. ते पाठ फिरवून पूर्वेला निघतं. नीरा नरसिंहपूरला भीमेला मिळतं, भीमा कृष्णेला, आणि कृष्णा थेट बंगालच्या उपसागराला. समुद्र डोंगरापलीकडे असताना सगळं दख्खन ओलांडून जायचं! भाचा म्हणाला, "दॅट्स स्टबर्न." म्हटलं, मावळातलं पाणी आहे बाबा.

तात्या म्हणजे माझे चुलत चुलते. वय ७८. गळाने मासे धरण्यात त्यांचा हात धरणारा माणूस मी पाहिलेला नाही. त्यांची काठी बांबूची, दोर तंगुसाचा, आणि पाण्यावर तरंगायला मोरपिसाचा देठ. चकचकीत काठीकडे त्यांनी नीट निरखून पाहिलं, रीळ दोनदा फिरवून बघितलं आणि म्हणाले, "आवाज लई करतंय."

चारच्या सुमाराला आम्ही खाली उतरलो. मे महिन्यात धरण तळाकडे गेलेलं असतं. पावणेबारा टीएमसीचं धरण, पण उन्हाळ्यापर्यंत पाणी खाली सोडून झालेलं. मग पाणी आणि झाडं यांच्या मधे एक रुंद, उघडाबोडका, नुसत्या दगडांचा पट्टा उरतो. त्यावरून चालताना भाचा खूश झाला. घरची आठवण आली त्याला. वाकून एक दगड उचलला, बोटांनी चाचपला आणि म्हणाला, "पण हे गोल का नाहीत?"

मला प्रश्न आवडला, पण उत्तर सुचेना. तात्यांनी दिलं. म्हणाले, "समुद्राचं न्हाईत त्ये. हितं खाचर व्हतं." म्हणजे असं, की धरणाचं पाणी दरवर्षी चढतं आणि उतरतं. चढता-उतरता लाटा काठ खात राहतात. माती बारीक, ती वाहून जाते. दगड जड, ते जागेवर राहतात. काही वर्षांत भाताच्या खाचराचा असा खडकाळ काठ होतो. चेसिलचे गोटे समुद्राने हजारो वर्षं घासून गोल केले. इथले दगड काही घासले-बिसले नाहीत, त्यांच्या अंगावरची माती तेवढी गेली. पाण्याच्या कडेला दोन बांधांच्या रेषा सरळ पाण्यात उतरत गेलेल्या दिसत होत्या. तात्या त्यातल्या एका बांधावर जाऊन बसले. रोजची जागा असावी तसे.

(त्यांच्या जमिनीबद्दल ते कधी बोलत नाहीत आणि मीही विचारत नाही. हे पाणी खंडाळा, फलटण, माळशिरसकडे जायचं म्हणून अडवलेलं. तो वेगळा विषय आहे, आणि त्यावर लिहायचा अधिकार माझ्यापेक्षा तात्यांचा जास्त आहे. असो.)

पहिला मासा भाच्याला लागला. तळहाताएवढा, मळकट राखाडी, पाठीवर काटे. त्याने काय सफाई दाखवली! आधी हात ओले केले, माशाला पाण्यातच धरलं, छोट्या चिमट्याने गळ काढला आणि अलगद सोडून दिला. सगळं मिळून दहा सेकंद. मी कौतुकाने बघत होतो. आणि बांधावरून तात्या ओरडले, "आरं सोडलास का काय त्येला?"

"लहान होता, आजोबा."

"ती चिलापी हाय पोरा! हिला सोडत न्हाईत."

आता भाच्याच्या बाजूने सांगायचं तर तिकडचा नियमच तसा आहे. समुद्रातला बास नावाचा मासा ४२ सेंटिमीटरपेक्षा लहान निघाला तर परत टाकावाच लागतो. लहान तो सोडायचा, मोठा तो ठेवायचा, आणि खरे सज्जन असाल तर मोठाही सोडायचा. पोराच्या हाडीमाशी खिळलेलं आहे हे.

पण चिलापी म्हणजे तिलापिया. मूळची आफ्रिकेची. १९५२ साली भारतात आणली, स्वस्तात प्रथिनं मिळतील म्हणून. मिळालीही. उजनीच्या चिलापीवर किती लोकांची पोटं चालतात! पण तिची वाढायची रीत जबरदस्त आहे. मादी अंडी तोंडात धरून ठेवते, पिल्लं निघाली तरी धोका दिसला की पुन्हा तोंडात घेते. तळहाताएवढी होते न होते तोच अंड्यावर येते. म्हणजे भाच्याने "लहान आहे" म्हणून जी सोडली ती कदाचित लेकुरवाळी असेल. आणि तिच्या लेकरांपुढे इथल्या जुन्या माशांना जागाही अपुरी आणि खाणंही अपुरं.

यावरून दोघांची जी जुंपली! मी मधे दुभाषा. भाच्याचं म्हणणं, आपण गंमत म्हणून मासेमारी करतो, तर गंमतीसाठी जीव का घ्यायचा? तात्यांचं म्हणणं, गंमत म्हणून त्याच्या तोंडात लोखंड घालतोस, आणि वर सोडून देऊन उपकार करतोस होय रं? खायचं नसेल तर गळ टाकू नये. जाऊन बसावं देवळात.

मला वाटलं होतं की हे तात्यांचं गावाकडचं तर्कशास्त्र. नंतर वाचलं तर स्वित्झर्लंडमध्ये २००९ पासून नेमका हाच कायदा आहे! सोडून देण्याच्याच इराद्याने मासा धरणं तिथे प्राण्यांच्या छळात मोडतं. म्हणजे हिर्डोशीच्या बांधावर बसून तात्या स्विस कायदा सांगत होते, त्यांना आणि मला दोघांनाही पत्ता नसताना.

इथवर तात्या एक, भाचा शून्य. मीही मनातल्या मनात बाजू बदलली होती.

सूर्य डोंगराला टेकला तेव्हा भाच्याची काठी वाकली. चिलापीसारखी थरथरत नाही, एकदम वाकली. रीळ किंचाळायला लागलं (तात्या म्हणाले होतेच). सात-आठ मिनिटं तरी तो मासा आत जात होता आणि पोरगं त्याला आणत होतं. काठाला आला तेव्हा आम्ही तिघेही गप्प झालो. सोनेरी, लांब, अंगावर जुन्या रुपयाएवढे खवले. दीडेक किलोचा असेल. तात्या उठून आले आणि म्हणाले, "खडशी!"

खडशी म्हणजे महाशीर. तात्यांनी ती या पाण्यात कितीतरी वर्षांनी पाहिली होती. आणि मला वाटलं ते आता "चला, रस्सा" म्हणतील. पण ते घाईघाईने म्हणाले, "सोड, सोड लवकर. हिला ऱ्हाऊ दे."

आणि इथे माझी चूक. मी म्हटलं, थांब, एक फोटो.

एक कसला! भाच्याने मासा उचलून धरला. मग तात्यांबरोबर. मग तात्या नको म्हणत असताना पुन्हा. मग माझ्या हातात. माझे हात कोरडे होते, मासा निसटून दगडांवर पडला, मी उचलला, हसत हसत पुन्हा पोज दिली. फोनमध्ये १४ फोटो आहेत. पहिल्याची वेळ ६ वाजून ५१ मिनिटं, शेवटच्याची ६ वाजून ५४. तीन मिनिटं. मग भाच्याने त्याला पाण्यात धरलं, डोकं पुढे, हळूहळू मागेपुढे करत, तिकडे शिकवतात तसं. मासा गेला. आम्ही टाळ्या वाजवल्या.

पंधरा मिनिटांनी तो दहा-बारा फुटांवर पांढरं पोट वर करून तरंगताना दिसला.

भाचा कमरेएवढ्या पाण्यात शिरून घेऊन आला. काही बोलला नाही. तात्याही मला काही बोलले नाहीत, ते बोलले असते तर बरं झालं असतं.

घरी आल्यावर शोधलं. कॅनडात फर्ग्युसन आणि टफ्ट्स या दोघांनी १९९२ साली ट्राउट माशांवर केलेला एक प्रयोग आहे. माशांना दमवलं आणि पाण्यातच ठेवलं, तेव्हा शंभरात १२ मेले. दमवून ३० सेकंद हवेत धरले तेव्हा ३८. दमवून एक मिनिट धरले तेव्हा ७२. एक मिनिट! आम्ही तीन. ट्राउट थंड पाण्यातला मासा हे मान्य, आणि त्याचे आकडे महाशीरला जसेच्या तसे लागू करू नयेत. पण मे महिन्यातलं कोमट पाणी, त्यात प्राणवायू आधीच कमी, आठ मिनिटांची झटापट... हिशोब काही आमच्या बाजूने येत नाही.

आता तुम्ही म्हणाल, झालं, म्हणजे सोडून देणं वाईट आणि तात्यांचं खरं. मला तसं म्हणायचं नाही. तात्यांनीच तर सोड म्हणून सांगितलं! मघाशी "खायचं नसेल तर गळ टाकू नये" म्हणणारा माणूस एका माशाला सोडू देत नाही आणि दुसऱ्याला ठेवू देत नाही. मला आधी तो विरोधाभास वाटला. आता वाटतं, सगळ्या वादात खरी गोष्ट तेवढीच होती. भाच्याचा नियम लांबीचा. माझा नियम, खरं सांगायचं तर, फोटोचा. तात्यांचा नियम नावाचा. कोण आहे हा, ते आधी ओळख, मग ठरव.

आणि नावाशिवाय ठरवलं की काय होतं, त्याचं सगळ्यात मोठं उदाहरण याच महाशीरचं आहे. लोणावळ्याला वळवणला टाटांच्या वीज कंपनीने १९७० च्या दशकापासून महाशीरची पैदास केली. फार मोलाचं काम. आपल्या नद्यांतून संपत चाललेला मासा त्यांनी राखला, आणि २०१८ मध्ये तो धोक्यातल्या माशांच्या जागतिक यादीतून बाहेर आला. पण त्याच पैदाशीची पिल्लं कावेरीतही सोडली गेली. हेतू चांगलाच होता. कावेरीत स्वतःचा एक महाशीर होता, पाठीला कुबड असलेला, केशरी परांचा, प्रचंड मोठा होणारा. त्याला धड शास्त्रीय नावही मिळालेलं नव्हतं. आपला महाशीर तिथे फोफावला, तो कुबडवाला मागे पडत गेला. त्याचं नाव ठरलं २०१८ साली, आणि त्याच वर्षी तो अगदी नष्ट होण्याच्या बेतात असलेल्यांच्या यादीत गेला. म्हणजे नाव मिळालं ते ही वेळ आल्यावर. आणि तोवर सगळे त्याला नुसतं "महाशीर" म्हणत होते, हा काय आणि तो काय.

नीरेत जी खडशी राहायलाच हवी, तीच कावेरीत पाहुणी म्हणून जाऊन घरमालक झाली. "सोडणं" चांगलं की वाईट? कुठे, आणि कुणाला, ते सांगा आधी.

आता तात्यांच्या बाजूचंही एक काढतो, नाहीतर गावाकडचं सगळं चांगलं असा सूर लागायचा. जूनमध्ये पहिल्या पावसात मासे अंडी घालायला ओढ्यांतून वर चढतात. चढणीचे मासे. तेव्हा सगळा गाव जाळी, टोपल्या, खोया घेऊन ओढ्यावर असतो, आणि पोटात गच्च अंडी असलेले मासे घरोघरी शिजतात. लहानपणी मीही खाल्लेत. चव अजून आठवते. पण एक चढणीची मादी खाणं म्हणजे काय खाणं, हे तात्यांच्या नियमात कुठे बसतं? मी विचारलं. ते बराच वेळ तंगूस गुंडाळत बसले, मग म्हणाले, "तवा मासं रग्गड व्हतं." तेव्हा होते. आता नाहीत, पण ओढ्यावरची गर्दी तीच आहे. नाव ओळखणं पुरत नाही, महिनाही बघावा लागतो, आणि तिथे तात्यांची पिढीसुद्धा काणाडोळा करते.

राखायचं ठरवलं तर राखता येतं, हे घाटाच्या पलीकडेच बघायला मिळतं. महाड तालुक्यात काळ नदीवर वाळणकोंड आहे. वरदायिनी देवीचा डोह. त्यात महाशीरचे थवे आहेत, लोक चुरमुरे टाकतात, मासे हाताशी येतात. कुणी गळ टाकत नाही, टाकायचं कुणाच्या मनातही येत नाही. हिर्डोशीच्या धरणाला देवीचं तसं संरक्षण नाही. इथे मत्स्यबीज म्हणून कटला-रोहू सोडतात, तेही गंगेकडचे. महाराष्ट्राने २०२३ मध्ये राज्यमासा ठरवला तो पापलेट. ठीक आहे, पापलेटवर कुणाचा राग असणार? पण सह्याद्रीतल्या नद्यांच्या माशांना निदान कुणीतरी नावाने हाक मारायला हवी ना.

ती हाक एका साहेबाने मारून ठेवली आहे, हे मला नंतर कळलं. कर्नल साइक्स नावाचा ब्रिटिश अधिकारी दख्खनची पाहणी करत फिरत होता, त्याने १८३९ मध्ये इथल्या माशांना शास्त्रीय नावं दिली. आणि ती देताना लॅटिन शोधत बसला नाही, इथल्या लोकांच्या तोंडची उचलली. महाशीरचं नाव 'टॉर खुद्री', त्यातला 'खुद्री' इथला. 'कोलस' म्हणजे आपली कोळशी. 'सीनघाला' म्हणजे शिंगाळा. जगभरच्या प्राणिशास्त्राच्या पुस्तकांत ही नावं छापलेली आहेत, आणि मी पुण्याच्या मासळी बाजारात उभा राहिलो तर रोहू, कटला आणि "हा काळा कुठला" याच्यापुढे जात नाही. तात्यांना तीस-पस्तीस नावं येतात. त्या रात्री भाच्याने ती लिहून घेतली, इंग्रजी लिपीत, जमतील तशी. मी आजवर का लिहून घेतली नव्हती याला माझ्याकडे उत्तर नाही.

खडशीचं पुढे काय झालं ते राहिलंच. काकूंनी तिचा रस्सा केला. फेकून द्यायचा प्रश्नच नव्हता, तात्यांच्या घरात तर नाहीच. सगळ्यांनी खाल्ला. भाच्यानेही खाल्ला, पहिल्यांदाच गोड्या पाण्यातला मासा हाताने काटे काढत. कुणी चांगला झालाय म्हटलं नाही. काकूंना वाटलं मीठ कमी पडलं.

फोटो मी काढून टाकलेले नाहीत. आधी दाखवायला ठेवले होते, आता त्या वेळा बघायला ठेवलेत.

परवा भाच्याचा मेसेज आला. चेसिलवर संध्याकाळी मॅकरल लागले, सहा. सहाही ठेवले, सहाही खाल्ले, फोटो नाही. खाली बहिणीची तक्रार, की दोन दिवस घरभर वास येतोय आणि हे खूळ तू त्याच्या डोक्यात भरवलंस का म्हणून. तिला म्हटलं, तात्यांना विचार.